धुळवडीनंतरचा शनिवार

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी चार पुरणपोळ्या खाल्ल्या. तूप, दूध आणि गुळवणी, तिन्हींबरोबर. शिवाय कटाची आमटी, भात, कुरडई, कांद्याची भजी. आई पाचवी वाढायला आली तेव्हा मी ताटावर हात आडवा धरला आणि तिने हाताखालून अर्धी सरकवली. म्हणजे साडेचार.

2025 ची होळी गुरुवारी होती, 13 मार्चला. शुक्रवारी धुळवडीची सुट्टी, त्याला जोडून शनिवार-रविवार. बुधवारी रात्रीच्या बसने मी पुण्याहून कराडला आलो. तोपर्यंत माझ्या फोनमधल्या अ‍ॅपवर सलग 47 दिवसांची नोंद झाली होती. रोज काय खाल्लं, किती चाललो, सकाळी वजन किती, सगळं. डाएट कशासाठी, तर जानेवारीत कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी 6.1 निघालं. 5.7 ते 6.4 म्हणजे प्रीडायबेटिस. डायबेटिस अजून नाही, पण दारात चपला काढून उभा आहे. माझं वय 28. पप्पांना शुगर निघाली ती पंचेचाळिशीत.

बाकी डाएट फार थोर नव्हतं. चहातली साखर बंद, ऑफिसच्या पॅन्ट्रीतली बिस्किटं बंद, नाश्त्याला अंडी किंवा मुगाची धिरडी, रात्री एक भाकरी आणि भरपूर भाजी, जेवल्यावर अर्धा तास चालणं. 86 वरून 82.3 वर आलो होतो. होळीचा दिवस मी रीतसर ठरवून 'चीट डे' म्हणून ठेवला होता. कॅलेंडरमध्ये तशी नोंदच होती. (आयटीत सहा वर्षं काढली की माणूस पुरणपोळीचंसुद्धा कॅलेंडर इन्व्हाइट करतो.)

तर होळीचा काही प्रॉब्लेम नव्हता. प्रॉब्लेम शुक्रवारी सुरू झाला.

आमच्याकडे धुळवड म्हणजे मटण. प्लॅननुसार शुक्रवारी मी परत लायनीवर येणार होतो. मटणाचे चार तुकडे, एक भाकरी, काकडी-कांदा, विषय संपला. पण सकाळी उठलो तर पोट जड, तोंड सुजल्यासारखं, आणि डोक्यात एकच वाक्य: आता झालंच आहे तर. त्या वाक्याच्या जोरावर मी दुपारी तीन भाकरी आणि वर रस्सा-भात खाल्ला. रात्री सगळे झोपल्यावर फ्रिजसमोर उभा राहून गार दुधात उरलेली पोळी बुडवून खाल्ली. भूक अजिबात नव्हती. आणि गुरुवारची पोळी चवीने खाल्ली होती, ही कशी लागली ते मला आठवतही नाही.

या 'आता झालंच आहे तर'वर शास्त्रज्ञांनी काम केलंय. 1975 साली हर्मन आणि मॅक या दोघांनी विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, काहींना नाही, आणि मग चव सांगायच्या निमित्ताने सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं, हवं तेवढं खा म्हणून. ज्या एरवी खाण्यावर फारसा ताबा ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. साहजिक आहे, पोटात जागा कमी होती. ज्या डाएटच्या धाकात होत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, मग आज सगळंच मोकळं. हर्मन आणि त्यांच्या सहकारी जॅनेट पोलिव्ही यांनी पुढे या प्रकाराला 'व्हॉट द हेल इफेक्ट' असं सरळ नाव दिलं.

माझ्या आजीला हे नाव माहीत नव्हतं, पण तिच्यावर तो इफेक्ट होत नव्हता हे मी पाहिलंय. एका एकादशीला तिने सवयीने आमटीची चव बघितली. पळी तोंडाला लावल्यावर लक्षात आलं. 'विसरले गं बाई' म्हणाली, चूळ भरली, आणि दिवसभर पुन्हा शेंगदाणे आणि भगर. मी तेव्हा सातवीत असेन. म्हटलं, 'आजी, मोडला ना उपास? मग जेव की आता.' तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी म्हटलं, चप्पल चिखलात गेलीच आहे तर आता लोळून घे. आपल्याकडे उपास सोडतात आणि उपास मोडतो, अशी दोन वेगळी क्रियापदं आहेत. सोडायचा दिवस ठरलेला, पदार्थ ठरलेला, दुसऱ्या दिवशी आपलं रोजचं जेवण. 'चीट' हा शब्द यात कुठेच बसत नाही. पहाटे पाचला उठून आईने पुरण शिजवलं, त्यात मी कुणाला फसवलं?

अर्थात आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' हीसुद्धा म्हण आहे. म्हणजे आजीसारखे सगळेच नव्हते.

आता शनिवार.

शनिवारी सकाळी मी प्रायश्चित्ताच्या मूडमध्ये होतो. दिवसभर फक्त काळी कॉफी आणि पाणी, संध्याकाळी दहा किलोमीटर चालणं. वजनकाटा पलंगाखाली होता, तो बाहेर काढला नाही. अ‍ॅप उघडलं नाही. शुक्रवारची नोंद रिकामी होती, ती रिकामीच राहू दिली. साडेआठला आईने पोहे केले. मी म्हटलं, नको. पप्पा म्हणाले, मलापण नको, पोट जड आहे.

आई कढईसमोर उभी होती. म्हणाली, 'बरं. दोघं बापलेक उपाशी बसा, मी एकटी खाते.'

पप्पा कृष्णेच्या घाटाकडे फिरायला गेले. रोज अर्धा तास जातात, त्या दिवशी दीड तास झाला तरी आले नाहीत. आले तेव्हा पावणेअकरा झाले होते. दारातल्या कट्ट्यावर बसले आणि मला हाक मारली. हाक नेहमीची नव्हती. जाऊन बघतो तर शर्ट घामाने पूर्ण भिजलेला, हात थरथरतायत, आणि माझं नाव घ्यायच्या ऐवजी काकाचं नाव घेतायत. मार्चचं ऊन आहे, लागलं असेल, असं मला वाटलं. खरंच एवढंच वाटलं. मी पंखा लावायला उठलो. आई आतून आली, त्यांच्या मानेला हात लावला आणि म्हणाली, 'शुगर उतरलीय. मशीन आण.'

54.

आईने चार चमचे साखर पाण्यात ढवळून त्यांच्या ओठाला पेला लावला. गेली कित्येक वर्षं या घरात साखरेचा डबा वरच्या फळीवर असतो, त्यांचा हात सहज जाऊ नये म्हणून. पंधरा मिनिटांनी परत तपासलं, 79. मग तेच पोहे गरम करून दिले. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'सकाळी गोळी घेतली होती का?'

घेतली होती. एक नाही, दोन.

सकाळी सहाला पप्पांनी उपाशीपोटी शुगर तपासली होती, 212 आली. होळी आणि धुळवडीचा हिशेब. त्यांनी तो आकडा कुणाला सांगितला नाही. एक गोळी जादा घेतली, नाश्ता टाळला आणि तिप्पट चालले. म्हणजे मी दिवसभर जे करणार होतो तेच, फक्त त्यांच्या पोटात ग्लिमेपिराइड होतं. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही, हे ती बघत नाही. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर निभावलं, पण दिवसभर एकटं सोडू नका, पुन्हा उतरू शकते. गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही आणि मनाने डोस वाढवायचा नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. एकदा पप्पांना आणि एकदा मला.

दुपारी पप्पा झोपले होते. 54 आणि 79 लिहून ठेवावेत म्हणून मी त्यांची डायरी काढली. एका बँकेची जुनी डायरी आहे, निळ्या शाईत तारीख, वेळ, आकडा. अक्षर छान. 118, 126, 121, 131. बघून वाटावं, काय कंट्रोल आहे. मग मला मधल्या रिकाम्या तारखा दिसायला लागल्या. 14 मार्च नाही. 15 नाही, म्हणजे सकाळचे 212 कुठेच नाहीत. मागे गेलो. संक्रांतीनंतर दोन दिवस नाहीत. चुलतबहिणीच्या लग्नानंतरचे तीन नाहीत. दिवाळीचा जवळजवळ आठवडा नाही. डॉक्टर दर तीन महिन्यांनी हीच डायरी बघायचे आणि एचबीएवनसी 8 च्या वर कसं येतंय म्हणून बुचकळ्यात पडायचे.

मी रोज जे काम करतो त्यात सर्व्हर पडला की आधी लॉग बघतात. एररने भरलेला लॉग आला तर आम्ही खूश होतो, कुठे बिघडलं ते कळतं. भीती वाटते ती लॉगच गायब असतो तेव्हा. हे मी नवीन आलेल्या पोरांना शिकवतो. आणि माझ्या खिशातल्या फोनमध्ये शुक्रवार रिकामा होता.

डायरीत मी आकडे लिहिले, तिन्ही. त्यांना सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांनी स्वतः डायरी उघडली, बघितलं, चष्मा काढून पुसला. मला म्हणाले, 'अक्षर सुधार जरा.'

रविवारी पुण्याला निघताना आईने डब्यात चार पोळ्या दिल्या. मी घेतल्या. दोन रूममेटला दिल्या, एक रविवारी रात्री जेवणात एका भाकरीच्या जागी खाल्ली, एक सोमवारी दुपारी डब्यात. दोन्ही अ‍ॅपमध्ये लिहिल्या. शुक्रवारसुद्धा भरला, आठवेल तसा, फ्रिजसमोरच्या पोळीसकट.

सोमवारी सकाळी काटा काढला. 84.7. गेल्या वेळेपेक्षा 2.4 किलो जास्त. काट्यावर उभा असताना पोटात गोळा आला, पण मग हिशेब केला. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. 2.4 किलो खरी चरबी वाढायची तर मला गरजेपेक्षा 18 हजारांहून जास्त कॅलरी खाव्या लागल्या असत्या. आई कितीही आग्रही असली तरी तेवढं शक्य नाही. बाकीचं बरंचसं पाणी. पिष्ट आणि गोड खाल्लं की शरीर त्यातलं काही ग्लायकोजेन म्हणून स्नायूंत आणि यकृतात साठवतं, आणि दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वर कुरडई, भजी आणि रश्श्याचं मीठ, त्याचं पाणी वेगळं. हे कळल्यामुळे आकडा कमी झाला नाही, पण लिहिता आला. एचबीएवनसीचंही तसंच. ते साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यात एक होळी खपून जाते. होळीनंतरचे आठ-दहा 'आता झालंच आहे तर' मात्र खपत नाहीत.

त्या दिवशी मी नाश्त्याला दोन अंडी आणि एक धिरडं खाल्लं. नेहमीचंच. कमी नाही, जास्त नाही, जादा चाललोही नाही. हे सगळ्यात अवघड गेलं. शिक्षा करून घ्यायला काहीतरी थरार असतो, नेहमीचं धिरडं खाण्यात काहीच नसतं. शुक्रवारपर्यंत 83 वर आलो. पुढचे पाऊणएक किलो उतरायला जवळजवळ तीन आठवडे लागले, म्हणजे तेवढी होळी खरीच लागली होती.

पप्पांचा डोस डॉक्टरांनी बदलला. डायरी दाखवताना आईने रिकाम्या तारखांबद्दल त्यांना सांगून टाकलं, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. मी फोन करून पप्पांना म्हटलं, मी रोज सकाळी माझं वजन सांगतो, तुम्ही शुगर सांगा. ते म्हणाले, 'त्यानं काय होणार?' मी म्हटलं, माहीत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी आपलं माझं वजन सांगून फोन ठेवत होतो. चौथ्या दिवशी म्हणाले, 'एकशे चौतीस.' आणि लगेच पाऊसपाण्याचं बोलायला लागले. मार्चमध्ये.

30 मार्चला गुढीपाडवा होता. मला जाता आलं नाही, रिलीज होतं. इथे टीममधल्या एकाच्या घरी श्रीखंड-पुरी झाली, मी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं. कराडला काय झालं असणार ते मला माहीत होतं, आमच्याकडे श्रीखंड किलोत येतं.

31 ला सकाळी पावणेसातला फोन वाजला. रोज मी करायचो, त्या दिवशी त्यांचा आला.

'किती?'

'83.4,' मी म्हटलं. 'तुमची?'

मागे मिक्सर चालू होता. तो थांबेपर्यंत ते थांबले.

'एकशे नव्याण्णव.'

'लिहिली?'

'लिहिली.'

'गोळी?'

'एकच. आणि आई उप्पीट करतीय, खाऊन मग जातो फिरायला.' मग जरा थांबून, 'तू काय खाल्लंस?'

'अजून काही नाही.'

'मग फोन कशाला धरून बसलायस,' म्हणाले, आणि ठेवून दिला.