यू ऑलराइट, मेट?

क्वीन्सलँडमध्ये उन्हाळ्यात घड्याळं पुढे सरकवत नाहीत. डिसेंबरात ब्रिस्बेनला पाचच्या आतच सूर्य वर आलेला असतो आणि साडेसहाला बांधकामाच्या साइटवर आवाज सुरू होतो, तेव्हा ऊन चांगलंच तापलेलं असतं. गेटवरचा माणूस मान हलवतो आणि म्हणतो, "मॉर्निंग, मेट." उच्चार मात्र 'माइट'कडे झुकलेला. शब्दकोशात 'मेट'चा अर्थ एका शब्दात दिलाय, मित्र. त्या गेटवरच्या माणसाला माझं नावही ठाऊक नसतं.

मी मूळचा कोल्हापूरकडचा, स्थापत्य अभियंता. इंग्रजी वाचायला-लिहायला मला कधी अडचण आली नाही. पण इथल्या साइटवर सुतार, पंपवाले, स्टील बांधणारे दिवसभर जे बोलतात, त्यातलं निम्मं या एका शब्दावर चालतं आणि तो दर वेळी वेगळं काहीतरी सांगत असतो. मला हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. का, ते सांगतो.

तो वाक्यात कुठे येतो, ते आधी ऐकावं लागतं. शेवटी आला तर बहुतेक वेळा बोलण्याची धार कमी करायला आलेला असतो. "तो पाना दे, मेट" म्हटलं की हुकमाची विनंती होते. बसमधून उतरताना इथले लोक ड्रायव्हरला "थँक्स, मेट" म्हणतात, तिथे ती साधी रीतभात असते. सुरुवातीला आला आणि लांबला, "मेऽऽट", तर पुढे काहीतरी भारी ऐकायला मिळणार. शनिवारी पकडलेला मासा असेल नाहीतर फुटीची, म्हणजे इथल्या फुटबॉलची मॅच. नुसताच आला, पुढेमागे काही नाही आणि आवाज खाली उतरत गेला, तर समोरच्याचं काही वाईट झालंय आणि बोलणाऱ्याला ते पोचलंय. तोच शब्द शेवटी वर चढला, तर "शुद्धीवर आहेस ना?" आणि कुणी तुमच्याबद्दल तिसऱ्याला "ही इज अ मेट ऑफ माइन" असं म्हणालं, तर तो खरा मित्र. तोंडावरचा मेट आणि पाठीमागचा मेट यांत हे एवढं अंतर आहे. मित्राला कमी भावात काम करून देतात, त्याला 'मेट्स रेट्स' म्हणतात. आणि सत्तेतल्या माणसाने आपल्या ओळखीतल्यांना पदं वाटली की वर्तमानपत्रं 'जॉब्स फॉर मेट्स' लिहितात. तिथे हाच शब्द भ्रष्टाचाराचा.

सगळ्यात जपून ऐकायचा तो 'लुक' किंवा 'लिसन' यांच्या मागे येणारा. एकदा स्लॅबसाठी 80 मिलिमीटर स्लम्पचं, म्हणजे चाचणीचा शंकू उचलल्यावर तेवढंच खाली बसणारं काँक्रीट मागवलं होतं. शंकूत तीन थर भरले, प्रत्येक थराला सळईचे 25 ठोसे दिले, शंकू उचलला, तर काँक्रीट 120 मिलिमीटर खाली बसलं, म्हणजे फारच पातळ. मी ट्रक परत पाठवायला सांगितलं. ड्रायव्हर खाली उतरला, माझ्या अगदी जवळ येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "लिसन, मेट." त्यात मैत्रीचा लवलेश नव्हता. शिवी दिली असती तर परवडली असती. एवढ्यात आमचा फोरमन आला. तो त्याला म्हणाला, "नॉट टुडे, मेट." आवाज तितकाच हळू, पण यात वाट करून दिलेली होती: तुझी अडचण मला कळते, तरी हे काँक्रीट इथे पडणार नाही. ड्रायव्हर गेला. दोघांनी एकमेकांना एकच शब्द वापरला, एकाने अडवायला आणि दुसऱ्याने सोडवायला.

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला यात फार नवल वाटायला नको. आमच्याकडे 'मर्दा' असाच चालतो. शाबासकीला मर्दा, वैतागाला मर्दा आणि अंगावर जाताना तर हमखास. तरी एक फरक मला जाणवतो. 'मर्दा' म्हणायला थोडी ओळख लागते. 'मेट' ओळख नसतानाच कामाला येतो.

त्याला कारण आहे. हा शब्द जुन्या जर्मन बोलीतून इंग्रजीत आला, तो सोबत अन्न वाटून खाणारा या अर्थाने. ऑस्ट्रेलियात त्याला वजन आलं ते कष्टकऱ्यांमुळे. 1788 पासून आणलेले कैदी, 1851 नंतर सोन्याच्या शोधात जोडीजोडीने खणणारे, मेंढरांची लोकर कातरणारे. या कातरणाऱ्यांनी 1891 मध्ये याच क्वीन्सलँडमध्ये मोठा संप केला. मालकाला 'सर' न म्हणणाऱ्या माणसांचा हा शब्द. पुढे पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईनंतर तो राष्ट्राचा झाला. पापुआ न्यू गिनीतल्या कोकोडा वाटेवर दुसऱ्या महायुद्धाचं इसुरावा स्मारक आहे, त्यात चार दगडी खांब आहेत आणि त्यांतल्या एकावर 'मेटशिप' कोरलंय.

पण हेही सांगितलं पाहिजे की या शब्दाचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. सोन्याच्या खाणींवरच्या चिनी मजुरांना कुणी मेट मानलं नाही, उलट 1860-61 मध्ये लॅम्बिंग फ्लॅटला त्यांच्यावर हल्ले झाले. 1901 च्या स्थलांतर कायद्याने माझ्यासारख्याला इथे येऊन राहणं जवळपास अशक्य केलं होतं आणि ते गोऱ्यांपुरतं धोरण पुरतं मोडायला 1973 उजाडलं. म्हणून गेटवरचा माणूस मला सहज "मॉर्निंग, मेट" म्हणतो, ते मी क्षुल्लक मानत नाही. 2005 मध्ये कॅनबेराच्या संसद भवनातल्या सुरक्षारक्षकांना कुणालाही 'मेट' म्हणू नका असा हुकूम निघाला होता. पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेता दोघेही त्याविरुद्ध बोलले आणि हुकूम लगेच मागे घ्यावा लागला. मला ते योग्यच वाटतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. इथे सकाळी भेटल्यावर "यू ऑलराइट, मेट?" असं विचारतात. हा प्रश्न नसतो. "हो, तू?" म्हणायचं आणि पुढे चालू लागायचं. आमच्या साइटवर फॉर्मवर्कचं काम करणारा एक सुतार होता. तो हळूहळू गप्प होत गेला. स्मोकोला, म्हणजे सकाळच्या चहा-खाण्याच्या सुट्टीत, तो वेगळा बसायला लागला. एके दिवशी त्याचा जोडीदार त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "यू ऑलराइट, मेट?" शब्द रोजचेच होते. सुतारही रोजच्यासारखं "या, गुड" म्हणाला. जोडीदार हलला नाही. त्याने हातातली हातोडी खाली ठेवली, डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि पुन्हा तेच विचारलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग सुतार बोलायला लागला. त्या दिवशी त्याने पुढे काम केलं नाही. जोडीदार त्याला गाडीत घालून घेऊन गेला आणि पुढचे काही आठवडे त्याच्यासाठी मदतीची सोय झाली. तो आज काम करतोय.

बांधकाम कामगारांमध्ये आत्महत्यांचं प्रमाण फार आहे, म्हणून क्वीन्सलँडमध्ये 2008 साली एक संस्था सुरू झाली. साइटवर येऊन ती कामगारांना सोबत्याची काळजी कशी घ्यायची ते शिकवते. नाव 'मेट्स इन कन्स्ट्रक्शन'. शिकलेल्यांच्या हेल्मेटवर तिचं स्टिकर दिसतं.

आपली बरीच मुलं आता या देशात बांधकामावर, गोदामांत, ट्रकवर काम करतात. घर लांब, व्हिसाची टांगती तलवार, कर्जाचे हप्ते, आणि घरी फोनवर सगळं छान चाललंय म्हणायची सवय. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कुणी चालता चालता "यू ऑलराइट, मेट?" म्हणालं तर हसून उत्तर द्या आणि पुढे व्हा. पण विचारणारा उत्तरासाठी थांबला असेल, तर त्याला खरं सांगा. आणि शेजारचा गप्प झालेला दिसला, तर तुम्ही विचारा आणि थांबा.