डॅन्यूबकाठच्या सायकलप्रवासाची आखणी

सायकलने युरोपातले अनेक देश एका सलग प्रवासात पाहायचे, तर नदीकाठचा मार्ग सर्वांत सोयीचा. डॅन्यूब ही नदी ब्लॅक फॉरेस्टच्या पूर्वेला डोनाउएशिंगेन इथे ब्रिगाख आणि ब्रेग यांच्या संगमातून तयार होते आणि सुमारे २,८५० किलोमीटर वाहत जाऊन काळ्या समुद्राला मिळते. तिच्या काठच्या वाटेचा बराचसा भाग अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत दहा देशांतून जाणाऱ्या ‘युरोवेलो ६’ या सायकलमार्गात येतो. प्रस्तुत लेखकाने त्यातला डोनाउएशिंगेन ते बुडापेस्ट हा जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी असा चार देशांतला टप्पा निवडला. हे अंतर साधारण बाराशे किलोमीटर भरते. पश्चिमेकडून पूर्वेकडे निघावे. उतार नदीचा असतो आणि वाराही बहुतेक दिवस पाठीशी राहतो.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला आखणीची सुरुवात सायकलपासून नव्हे, व्हिसापासून करावी लागते. हे चारही देश शेंगेन क्षेत्रातले असल्याने एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्याच्याकडे अर्ज करायचा. या मार्गाचा जवळजवळ निम्मा भाग जर्मनीत असल्याने तो देश ठरलेलाच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो आणि रोजच्या मुक्कामाचा तपशीलही द्यावा लागतो. सायकलस्वाराची खरी अडचण इथे सुरू होते. कोणत्या रात्री तो कुठे असेल हे वारा, पाऊस आणि गुडघे ठरवतात. अर्जात मात्र तारीखवार गावे लिहायची असतात. यावर चांगला उपाय म्हणजे रद्द करता येणारी आरक्षणे करणे आणि दिवसाचे अंतर मुद्दाम कमी धरणे. पुढे सर्बियात उतरायचा विचार असेल, तर तो देश शेंगेनबाहेर आहे हे ध्यानात ठेवून अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा. एकदा बाहेर पडल्यावर एका प्रवेशाच्या व्हिसावर परत आत येता येत नाही.

रोजचे साठ किलोमीटर धरले तर बाराशेला वीस दिवस लागतात. नकाशावर हा आकडा फार लहान वाटतो, आणि सरावलेल्या सायकलस्वाराला शंभर सहज जमतात. पण प्रवास केवळ अंतर कापण्यासाठी नसतो. इमेंडिंगनजवळ डॅन्यूबचे पाणी चुनखडीच्या तळात मुरते. उन्हाळ्यात कित्येक दिवस पात्र कोरडे पडते आणि तेच पाणी आखच्या झऱ्यातून वर येऊन शेवटी ऱ्हाइनला मिळते. असे कोरडे पात्र पाहायला थांबायचे नसेल, तर तिथवर सायकलने जायचे कशाला? उल्मचे चर्च, रेगेन्सबुर्गचा बाराव्या शतकातला दगडी पूल, मेल्क ते क्रेम्सदरम्यानचे जर्दाळूचे आणि द्राक्षांचे मळे, या प्रत्येकासाठी वेळ हवा. म्हणून वीस दिवसांच्या सायकलिंगला चार आठवडे देणे शहाणपणाचे.

मोकळे दिवस आणखी एका कारणाने लागतात. काठाची वाट पुरात बंद होते. पासाउला डॅन्यूबला इन आणि इल्त्स मिळतात. जून २०१३ मध्ये तिथली पातळी जवळजवळ १३ मीटरवर गेली होती. मे ते सप्टेंबर हा काळ सायकलला उत्तम, पण दक्षिण जर्मनीतले मोठे पूर पुष्कळदा याच काळात येतात. अशा वेळी रेल्वेने एक टप्पा ओलांडण्यात कमीपणा नाही. प्रादेशिक गाड्यांत सायकलसाठी वेगळे तिकीट घेतले की बहुधा भागते. लांब पल्ल्याच्या गाडीत मात्र सायकलची जागा आधी राखून ठेवावी लागते.

मार्ग सर्वत्र सारखा सोपा नाही. सिगमारिंगनच्या वरच्या खोऱ्यात छोटे पण तिखट चढ आहेत. पासाउ ते व्हिएन्ना हा सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा पट्टा मात्र नवख्यालाही जमावा असा. बऱ्याच अंतरात दोन्ही काठांना वाट आहे. श्ल्योगनच्या वळणावर डावा काठ तुटतो, तिथे सायकल होडीतून न्यावी लागते. ब्रातिस्लाव्हाच्या खाली बांधावरची वाट सरळ आणि उघडी आहे; तिथे सावली नाही आणि वारा उलटला तर निम्मे अंतरही जड जाते. हंगेरीत काही भाग मोटारींच्या रस्त्यावरून जातो. डावीकडून चालवायची सवय असलेल्याने तिथल्या चौकांत विशेष सांभाळावे.

सामान दोन पिशव्यांत मावेल इतकेच घ्यावे. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे, जादा ट्यूब, साखळी जोडायचे हत्यार, आपल्या चाकाच्या मापाचे स्पोक आणि पावसाळी जॅकेट एवढे अटळ. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकाने बहुतेक बंद असतात, म्हणून शनिवारी दोन दिवसांचा शिधा घ्यावा. शाकाहारी माणसाने तर नक्कीच. पाव, चीज, फळे आणि दही सगळीकडे मिळते.

परतीचे विमान व्हिएन्नाहून असेल, तर बुडापेस्टहून सायकलसह रेल्वेने मागे यावे. विमानासाठी लागणारे पुठ्ठ्याचे खोके सायकलच्या दुकानांत मागितले तर बऱ्याचदा मिळते. निघण्याच्या दोन दिवस आधी विचारून ठेवावे. पेडल काढावीत, हँडल फिरवून चौकटीला समांतर करावे, टायरमधली थोडी हवा सोडावी आणि पॉवरबँक खोक्यात न ठेवता हातातल्या सामानात ठेवावी.