कानाची साक्ष

आपल्या घरच्या रेडिओचा आवाज अलीकडे बसल्यासारखा वाटतो का? मलाही तसेच वाटत होते. रात्री दवाखाना बंद केल्यावर गाणे ऐकत बसणे हा माझा जुना परिपाठ. तबल्याच्या चाटेची धार गेलीशी वाटू लागली, म्हणून मी दोन वर्षांत दोन स्पीकर बदलले. प्रत्येक नव्या स्पीकरने चार दिवस समाधान दिले. पुढे पुन्हा तेच. "बाबा, मला तर सगळे स्वच्छ ऐकू येते," असे मुलगी म्हणाली. मी हसून सोडून दिले. इतकी वर्षे रुग्णांच्या छातीचे ठोके ऐकणारे कान चुकतील कसे?

मग एका आजींनी फोनवर आजोबांची उपाशीपोटीची साखर कळवली. मी 'एकशे आठ' ऐकले आणि औषध आहे तेवढेच ठेवायला सांगितले. पुढच्या आठवड्यात त्यांच्या वहीत आकडा पाहिला : 160. आजी 'एकशे साठ' म्हणाल्या होत्या. त्यातला 'स' माझ्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

त्याच दिवशी मी श्रवणचाचणी करून घेतली. आलेख 2000 हर्ट्झपर्यंत सरळ, पुढे उतरता. वयोमानाने प्रथम उंच कंप्रतेचे ध्वनी हरपतात. 'स', 'श', 'फ' ही व्यंजने त्यांतलीच. स्वरांचा जोर खालच्या कंप्रतांत असल्याने ते टिकतात. म्हणूनच 'ऐकू येते, पण समजत नाही' अशी अवस्था होते. दोष स्पीकरचा नव्हता.

श्रवणयंत्र निवडतानाही कान असेच फसवतात. किंचित मोठा आवाज अधिक चांगला भासतो. एकसारख्याच दोन यंत्रांपैकी एकाला 'नवे' म्हटले, तेव्हा प्रयोगांत बहुतेकांनी तेच सरस ठरवले. म्हणून दुकानातल्या पाच मिनिटांवर विसंबू नका. आधी कानात मळ नाही ना, हे पाहून घ्या. मग ऑडिओग्राम काढा आणि कानात बारीक नळी ठेवून यंत्राचा आवाज मोजून घ्या. आरंभी आवाज पत्र्यासारखा वाटेल. मेंदूला सवय होण्यास काही आठवडे लागतात.

अनुभव निरुपयोगी आहे असे मात्र नाही. जेवताना, गर्दीत, फोनवर कुणाचे बोलणे निसटते ते टिपून तज्ज्ञांना दाखवा. शांत खोलीतली चाचणी ते सांगत नाही. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

शंका अनुभवाने घ्यावी, निवाडा मोजमापाने करावा. आता फोनवर कुणी आकडा सांगितला, की मी तो सुटा करून पुन्हा म्हणायला लावतो : एक, सहा, शून्य.