दाखला

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून मी कार्यालयात आलो, तेव्हा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण चारित्र्याच्या दाखल्यासाठी थांबला होता. वाणिज्य शाखेचा प्रथम श्रेणीतील पदवीधर. एका हिशेबनिसाच्या कचेरीत लागून त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. बिले वाचून संगणकात नोंदी करणे हे त्याचे काम. ते आता कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आणि तिघांपैकी दोघांना निरोप मिळाला. “फादर, हिशेबाला मरण नाही, असं तुम्हीच म्हणाला होता,” तो म्हणाला. त्याच्या स्वरात राग नव्हता; म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले.

सल्ला खरोखरच माझा होता. त्याचे वडील वाडीतील फुलांच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने दादर गाठतात. मुलाच्या डोक्यावर टोपली येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. मी बारावीनंतरचा मार्ग दाखवला. तो कोठवर जातो, हे मात्र पाहिले नाही.

त्या रात्री मला माझी थोरली बहीण आठवली. आमच्या लहानपणी टंकलेखनाचे प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची हमी. मिनिटाला ४० इंग्रजी शब्दांची परीक्षा उत्तीर्ण होऊन ती कचेरीत लागली. पुढे संगणक आले आणि टंकयंत्रांवर धूळ बसली. बहिणीची नोकरी मात्र टिकली. साहेबांनी घाईत सांगितलेल्या चार वाक्यांत काय राहून गेले आहे, कोणते पत्र आज गेलेच पाहिजे, हे तिला कळत असे. बोटांचे कौशल्य कालबाह्य झाले; समज झाली नाही.

आजचे यंत्र पत्रही लिहिते, हे मी जाणतो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आल्यापासून लग्नपत्रिकेच्या मजकुरापासून नोकरीच्या अर्जापर्यंत सारे त्याच्याकडून लिहून घेतले जाते. परंतु लिहिलेल्याची जबाबदारी ते घेत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी त्याच्यावर विसंबून अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले. ५,००० डॉलरचा दंड झाला तो वकिलांना, यंत्राला नव्हे.

पापाची कबुली दिली की प्रायश्चित्तही आलेच. धर्मग्रामातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना मी गळ घातली आणि शनिवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात पाच-सहा पदवीधर जमू लागले. दुकानदारांकडून जुनी बिले मागवली. नोंदी यंत्राने करायच्या, मुलांनी त्या तपासायच्या. एका बिलावर यंत्राने कराचा दर चुकवला, तो सर्वांनीच पकडला. दुसरे बिल निर्दोष होते. बेरीज बरोबर, कर बरोबर, क्रमांक बरोबर. सर्वांनी ते मंजूर केले. आमचा हा तरुण तेवढा उठला आणि त्याने दुकानदाराला फोन लावला. माल पोचलाच नव्हता! यंत्राने कागद वाचला होता. गोदामाच्या दाराशी जाऊन कोणी पाहिले नव्हते.

१८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कारखान्यांतील कामगारांच्या स्थितीवर ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हेच नाव घेताना त्या परिपत्रकाचे स्मरण केले आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय व श्रम यांपुढे उभ्या राहिलेल्या आव्हानांचा उल्लेख केला. रोममधील ती चिंता आमच्या कार्यालयाच्या बाकावर दाखल्याची वाट पाहत बसली होती.

आईवडिलांना माझी एवढीच विनंती आहे. मुलाला कोणती शाखा द्यावी, हे जरूर विचारा. पण पदवी हाती येण्यापूर्वी त्याला सुटीत एखाद्या दुकानात, गोदामात, कचेरीत बसवा. यंत्र वापरायला तर तो शिकेलच. यंत्राच्या उत्तरावर शंका घ्यायला आणि माणसाला प्रश्न विचारायला तो तेथेच शिकेल.

त्या तरुणाला अजून कायमची नोकरी नाही. दोन दुकानदारांचे हिशेब तो पाहतो. त्यात घर चालत नाही. परवा तो पुन्हा दाखल्यासाठी आला. ‘सुशील व सचोटीचा’ हे ठरीव शब्द मी आजवर शेकडो वेळा लिहिले आहेत. या वेळी त्यांच्याखाली एक ओळ वाढवली : निर्दोष दिसणारे बिल मंजूर करण्यापूर्वी हा तरुण माल पोचला का, याची चौकशी करतो, हे मी स्वतः पाहिले आहे.