रुबार्बची आमटी

परदेशातल्या मराठी घरात चिंचेऐवजी रुबार्ब आमटीत पडला की ‘ही काही आपली चव नव्हे’ हा शेरा ठरलेला. पण आपलं म्हणजे काय? साबुदाण्याची खिचडी घ्या. कसावाच्या कंदाचा साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, मिरची, चौघांचंही मूळ अमेरिका खंडांत; पोर्तुगीज आल्यानंतरच्या काळात ती इकडे रुजली. (आणि तीच उपासाला चालते, इथला जुना भात मात्र चालत नाही!) यावर कोणी म्हणेल, ते बदल पिढ्यान्‌पिढ्या मुरले, हे नाइलाजाचे. मान्य, पण नुसत्या मुरण्याने पदार्थ टिकत नाही. मिरची टिकली, कारण तिखटपणाचं मिऱ्याचं काम तिने स्वस्तात उचललं.

म्हणून पाहायचं ते जिन्नस कोणतं काम करतो हे. आमटीत चिंच मुख्यतः आंबटपणासाठी. ते काम रुबार्बचे देठ करतात (पानं विषारी, ती टाकायचीच). ‘मग काहीही चालेल’ असा याचा अर्थ नाही. सोलकढीत आमसुलाचा रंग आणि वासच पदार्थ घडवतो, तिथे रुबार्ब हरतो. भाकरीचं उलटं: ज्वारीत ग्लूटेन नसतं, पीठ उकळत्या पाण्याने चिकट होतं. हे तंत्र कॅन्ससच्या ज्वारीलाही लागू पडतं, जरी तिथे ती बहुतेक गुरांच्या खाद्यात आणि इथेनॉलमध्ये जात असली तरी. उलट घरच्याच डब्यातली कणीक त्याच हातांनी थापली, तरी तिची भाकरी होत नाही.