बाप घरी राहिला तेव्हा

साठ-सत्तरच्या दशकात जन्मलेल्या आम्हा बऱ्याच जणांच्या जन्मावेळी वडील त्या गावातच नव्हते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा दंडकच. आई सातव्या महिन्यात आजोळी गेलेली, वडील मुंबईत खानावळीत जेवणारे. तार यायची. मग हापिसात पेढे, नाहीतर बर्फी. एखादी किरकोळ रजा रविवारला जोडून ते बारशाला येत, बाळाला अवघडून मांडीवर घेत आणि रात्रीच्या एसटीने परत जात. १९७६ मध्ये मुलगा रोहन जन्मला तेव्हा सुनील गावसकरही परदेश दौऱ्यावर होते. घराघरांत चर्चा झाली ती पोर्ट ऑफ स्पेनच्या शतकांची.

शेकशेगडी, वावडिंगाची धुरी, अळिवाची खीर, मूल खांद्यावर टाकून रात्रभर फेऱ्या मारणारी आजी, हे सगळं खातं बायकांचं. आई परतायची ती मूल चांगलं अंगापिंडाने भरल्यावर. म्हणजे वडिलांच्या वाट्याला थेट हसरं, बाळसेदार मूलच! ‘आणखी एक होऊ द्या की’ हे त्यांना इतकं सोपं का वाटे, ते आता कळतं. (आईला विचारायची पद्धत नव्हती.) आणि गंमत बघा, भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण असण्याच्या त्या काळात नसबंदी करून घेतली तर सरकारी नोकराला स्पेशल कॅज्युअल लीव्ह मिळे, मूल झालं म्हणून नाही.

केंद्र सरकारने पंधरा दिवसांची पितृत्व रजा दिली ती १९९७ मध्ये, तीही दोनाहून कमी मुलं हयात असतील तरच. तोवर आम्हीच बाप होऊ लागलो होतो. टपाल, आयकर खात्यांत चिकटलेल्यांनी ती घेतली. ‘बाळंत कोण झालंय, तू की ती?’ हेही हापिसात ऐकून घेतलं. लंगोट धुतले, रात्री जागल्या, टाके दुखत असताना पाजायला उठून बसणारी बायको पाहिली. पुढे घरात दुसऱ्याचा विषय निघाला, की यातलेच काही जण आईसमोर म्हणू लागले, ‘एक पुरे.’ फ्लॅटचे हप्ते, शाळेची फी होतीच. पण त्या रात्रीही होत्या.

स्पेनमध्ये २००७ साली बापांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. लिडिया फारे आणि लिबर्ताद गोन्सालेस या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा रजेला पात्र जोडप्यांनी पुढचं मूल लांबवल्याचं आणि पुरुषांची जास्त मुलांची हौस कमी झाल्याचं दिसलं. आमच्या मंडळींना यात नवल वाटणार नाही.

तेव्हा जन्मदर वाढावा म्हणून बापाला रजा द्या, असं कुणी म्हटलं तर फसगत ठरलेली. रजा द्यायची ती बाळंतिणीला हात मिळावा म्हणून. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये खासगी नोकरीतल्या बापांनाही रजा मिळावी यासाठी लोकसभेत विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही.