रोबोचा मोडका गुडघा

दोस्तांनो, आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटावर एक रोबो उभा आहे. उंची ३० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या मोठ्या फूटपट्टीएवढी. त्याची मान फिरते, कोपर वाकतं, हाताची पाचही बोटं वेगवेगळी मिटतात. उजवा पाय गुडघ्यात छान वाकतो. डावा मात्र ताठच्या ताठ! पाहुणे विचारतात, "याच्या पायाला काय झालं गं?" मग मी आणि माझा धाकटा भाऊ चिनू एकमेकांकडे बघतो आणि हसतो. आज हसू येतं, पण त्या दिवशी आमच्या घरात कोणीच हसत नव्हतं. ती गोष्ट आज तुम्हाला सांगूनच टाकते.

आम्ही राहतो नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, बोल्हेगावात. बाबा नागापूरच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या एका छोट्या कारखान्यात मशिन चालवतात. बादल्या, झाकणं, ठिबकच्या नळ्यांचे जोड, असलं काय काय तिथे बनतं. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळी असली की दिवसा घरात टाचणी पडल्याचाही आवाज करायचा नाही, हा आईचा कायदा. लहानपणी मला वाटायचं, बाबांचं काम म्हणजे मशिनचं दार उघडायचं, बादली काढायची, दार लावायचं. त्यात काय मोठंसं?

दहावीची परीक्षा संपली आणि मी माझी दोन वर्षांची पुंजी बाहेर काढली. दोन उन्हाळे मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसले होते, शिवाय दिवाळीची ओवाळणी. त्यातून मी गंडम नावाच्या रोबोचं मोठं किट मागवलं. किंमत ऐकून आईने कपाळाला हात लावला. बाबांच्या पंधरा दिवसांच्या पगारापेक्षा ती जास्त होती. बाबा काही बोलले नाहीत. फक्त "खेळणं आहे ना?" एवढंच म्हणाले. मला ते फार लागलं.

आता हा गंडम कोण, ते सांगते. १९७९ साली जपानमध्ये टीव्हीवर या नावाची एक कार्टून मालिका सुरू झाली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. गंमत म्हणजे ती तेव्हा फारशी चालली नाही आणि ठरल्यापेक्षा आधीच, जानेवारी १९८० मध्ये बंद पडली! पण ती पुन्हा दाखवली गेली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बंदाई कंपनीने त्यातल्या रोबोंची प्लास्टिकची किट काढली. पोरांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. तेव्हापासून आजपर्यंत ही किट निघतच आहेत.

गोष्टीतला गंडम १८ मीटर उंच आहे. म्हणजे जवळजवळ सहा मजली इमारत! माझं किट होतं एकास साठ प्रमाणाचं. करा गणित: १८ मीटर म्हणजे १८०० सेंटिमीटर, भागिले ६०. उत्तर आलं ३०. या जातीचं मोठं किट १९९८ साली पहिल्यांदा निघालं. त्यात सुमारे सहाशे सुटे भाग असतात. आधी आतला सांगाडा करायचा, मग त्यावर चिलखतासारखी कवचं चढवायची. आणि एवढं सगळं डिंकाच्या थेंबाशिवाय! एकात एक भाग दाबून बसवायचा, की टक्क आवाज येतो. तो आवाज एकदा ऐकला ना, की जेवायलाही उठवत नाही.

खोकं उघडलं तेव्हा आत प्लास्टिकच्या जाळ्याच जाळ्या होत्या. प्रत्येक जाळीत काड्यांना लटकलेले बारीक बारीक भाग, शेजारी नंबर. कटरने भाग सोडवायचा, राहिलेला कोंब पॉलिश पेपरने घासायचा आणि जपानी पत्रकातल्या चित्राप्रमाणे बसवायचा. पहिल्या दिवशी मी घाईघाईत जाळीतले पन्नास भाग एकदम कापून ठेवले. मग कळेना, कुठला नंबर कुठला! तीन तास नुसती जुळवाजुळव. तुम्ही कधी असं किट केलंत, तर लागेल तेवढाच भाग कापा बरं का.

चौथ्या दिवशी सकाळी बाबा रातपाळीहून आले. मी सतरंजीवर पसारा मांडून बसले होते. ते चहा घेऊन सहज खाली बसले, एक रिकामी जाळी उचलली आणि उजेडाकडे धरली.

"हा रनर," ते म्हणाले.

"काय?"

"अगं, या काडीला रनर म्हणतात. पातळ झालेलं प्लास्टिक या वाटेनं डायमध्ये पळतं, म्हणून रनर. आणि भाग जिथे काडीला चिकटतो ना, ते गेट." मग त्यांनी एक कवच उलटं केलं. आत बारीक गोल ठसे होते. "या इजेक्टर पिनांच्या खुणा. भाग थंड झाला की या पिना त्याला ढकलून बाहेर काढतात. खूण पडणारच, म्हणून ती आतल्या बाजूला ठेवलीय. बाहेरून दिसू नये." त्यांनी कवचाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "आणि ही रेघ लागते का बोटाला? इथे डायचे दोन भाग मिटतात. आमच्याकडे डाय जुनी झाली की या रेघेतून प्लास्टिक बाहेर येतं, त्याला फ्लॅश म्हणतात. इथे बघ, जरासुद्धा नाही. कुणी केली असेल गं ही डाय?"

बाबांना इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. चहा गार झाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. पुढे मी त्यांना वाचून दाखवलं, की ही कंपनी एकाच जाळीत चार रंगांचं प्लास्टिक एकाच वेळी सोडू शकते. त्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "एका रंगानेच आमची रात्र जाते!"

तीन आठवड्यांनी रोबो उभा राहिला. चिनू तर त्याच्याभोवती प्रदक्षिणाच घालत होता. पण मला तो फार कोरा वाटायला लागला. नवा कोरा, चकचकीत, खेळण्यासारखा. "खेळणं आहे ना?" हे बाबांचे शब्द डोक्यातून जात नव्हते.

आणि मला आमचं टँक म्युझियम आठवलं. नगरचं रणगाड्यांचं संग्रहालय तुम्ही पाहिलंय ना? लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने ते फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू केलं. पन्नासच्या आसपास जुनी चिलखती वाहनं तिथे आहेत. इंग्रजांचे माटिल्डा आणि चर्चिल, अमेरिकेचा पॅटन, आपला विजयंता आणि जपानचा ची-हा सुद्धा. आठवीत सहलीला गेलो तेव्हा मी त्या ची-हाजवळच रेंगाळले होते. अंगभर रिव्हेटच्या गोल गोल टोप्या, ट्रॅकच्या जाड कड्या. लोखंड किती जड असतं, ते नुसतं बघूनच कळत होतं.

रोबोची किट करणारे जपानी लोकही सुरुवातीला रणगाड्यांकडूनच शिकले. शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी मूळची लाकडाच्या धंद्यातली. १९६०च्या सुमारास ती प्लास्टिककडे वळली आणि पुढे एकास पस्तीस प्रमाणातल्या रणगाड्यांसाठी जगभर नावाजली. बंदाईचे रोबोही त्याच शिझुओकात बनतात! रणगाड्यांचे हौशी लोक मॉडेलवर चिखल, गंज, ओरखडे रंगवायचे. तीच युक्ती त्यांनी रोबोवर केली, आणि रोबो एकदम खरा वाटायला लागला.

मग मीही ठरवलं. हार्डवेअरच्या दुकानातून काळा ऑइलपेंट आणि थिनरची बाटली आणली. रंग अगदी पाण्यासारखा पातळ केला आणि ब्रशने रोबोच्या सांध्यांत, कवचाच्या रेघांत सोडला. काय सुंदर पळत होता तो! मी आणखी सोडला, आणखी सोडला. शेवटी रोबोला एका गुडघ्यावर बसवून, लढाईतल्या शिपायासारखा, कपाटावर ठेवला आणि झोपले.

सकाळी सगळ्यांच्या आधी जाग आली. पाहते तर रोबो आडवा! डावा गुडघा दुभंगलेला.

मला काय झालं होतं ते कळायला वेळ लागला नाही. थिनरच्या वासाने खोली भरली होती. मी बाटली लपवली, खिडकी उघडली, रोबो होता तसाच ठेवला आणि पुन्हा पांघरूण घेतलं.

आई उठली आणि तिने पडलेला रोबो पाहिला. आदल्या संध्याकाळी चिनू कपाटाशी घुटमळताना तिला दिसला होता. झालं! "ताईच्या वस्तूला हात लावू नकोस, सांगितलं होतं ना? किती पैशांची वस्तू ती!" चिनू रडत म्हणत होता, "मी नाही केलं, आई शप्पथ मी नाही केलं." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही. दोस्तांनो, मी खरंच काहीच बोलले नाही. पैशांची आठवण निघाली, आणि आपल्याच चुकीने ते वाया गेले, हे म्हणायला माझी जीभ रेटेना. चिनू दोन दिवस माझ्या बाजूला जेवायला बसला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी मोडका गुडघा हातात घेतला. चष्मा लावून चीर पाहिली, मग मला अंगणात हाक मारली.

"हे पडून तुटलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "हा भाग एबीएसचा आहे. जाळीच्या कडेला ही तीन इंग्रजी अक्षरं उठावात होती, मी पाहिलीत. हेल्मेट करतात ते प्लास्टिक. चिवट असतं. वाकून किंवा आपटून तुटलं तर तुटलेल्या जागी ते पांढरं पडतं. इथे पांढरं कुठेच नाही. चीर कशी काचेसारखी स्वच्छ आहे."

मी खाली बघत राहिले.

"प्लास्टिक थंड होताना आत थोडा ताण राहतो. घट्ट बसवलेल्या, वाकवून ठेवलेल्या जागी तो आणखी वाढतो. वरून दिसत नाही. पण थिनर लागला की नेमकी तिथेच चीर जाते." जरा थांबून ते म्हणाले, "मला कसं माहीत? कामाला लागलो त्या वर्षी एबीएसच्या झाकणांवर तेलाचे डाग पडले होते. मी शहाणपणा करून सगळी थिनरने पुसली आणि स्क्रू आवळले. दुसऱ्या दिवशी प्रत्येक स्क्रूपाशी तडा. बोलणी बसली हेल्परला. मी तीन दिवस गप्प होतो. चौथ्या दिवशी सांगितलं. लोक नंतर विसरले, पण ते तीन दिवस मला अजून आठवतात."

एवढंच. "तू केलंस का?" असं त्यांनी विचारलंच नाही. उठून आत निघून गेले.

त्या रात्री जेवताना मी सगळ्यांसमोर सांगितलं. घशात घास अडकत होता, पण सांगितलं. आई रागावली, मग तिने चिनूला जवळ घेतलं. चिनू मात्र लगेच माफ करायला तयार नव्हता. "दोन दिवस!" असं बोटं दाखवून म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

रविवारी आम्ही तिघं बसलो. बाबांनी हातातल्या बारीक ड्रिलने गुडघ्याच्या दोन्ही तुकड्यांना भोक पाडलं, त्यात पितळी तारेचा तुकडा घातला, चिनूने टॉर्च धरला आणि मी सुपरग्लूचा थेंब सोडला. पाय भक्कम झाला, पण गुडघा कायमचा ताठला. नवा सुटा भाग कुठे मिळतो का, ते मी शोधणार होते. चिनू म्हणाला, "राहू दे. असाच छान आहे." तो आता रणगाड्यासारखा खरा दिसतो. फक्त ती जखम रंगवलेली नाही, एवढंच.

रिकाम्या जाळ्या बाबांनी टाकू दिल्या नाहीत. कारखान्यात रनर ग्राइंडरमध्ये दळून त्याचा पुन्हा दाणा करतात, वाया घालवत नाहीत. बंदाईनेही २०२१पासून जपानमध्ये अशा रिकाम्या जाळ्या गोळा करायला सुरुवात केली, हे सांगितलं तेव्हा बाबा खूश झाले. "बघ, तेही आमच्यासारखेच," म्हणाले.

तुम्हीही किट करणार असाल तर दोन गोष्टी. थिनर नि सुपरग्लू मोठ्या माणसांना सांगूनच वापरा, खिडकी उघडी ठेवून. आणि एबीएसच्या सांध्यावर थिनर अजिबात नको. पण किट नसलं तरी एक काम आजच करा. घरातली प्लास्टिकची बादली उलटी धरा. तळाच्या मधोमध टिकलीएवढी एक खूण सापडेल. प्लास्टिक तिथूनच आत शिरलं होतं. त्या वेळी मशिनपाशी कुणीतरी उभं होतं. कदाचित रातपाळीला. कदाचित माझे बाबासुद्धा!